मधला कप्पा

गाडी येणार हे ठरलं होतं. ती कशासाठी येणार, हे मात्र घरात कोणी बोलत नव्हतं.

पाथरीला स्टँडच्या मागच्या कॉलनीत माधवरावांचं घर आहे. घर बांधताना मुलाच्या, सारंगच्या आग्रहानं त्यांनी शटरचं गॅरेज काढून घेतलं होतं. सारंग पुण्याला असतो. दिवाळीला तो गाडी घेऊन यायचा आणि ती बाहेर लिंबाखाली उभी करायचा, कारण गॅरेजमध्ये गाडी सोडून बाकी सगळं होतं. गव्हाच्या कोठ्या, बिघडलेला कूलर, महालक्ष्म्यांचे लोखंडी स्टँड, रंगाचे अर्धे डबे, लग्नात मिळालेली आणि कधीच न वापरलेली घंगाळं. यंदा सारंगनं नवी गाडी घेतली आणि जुनी पाथरीला ठेवायची, असं बापलेकाचं फोनवर ठरलं. पुण्यात ठेवायला जागा नाही म्हणून इथं येणार, असं माधवराव शेजाऱ्यांना सांगत.

खरं कारण प्राची होती. सारंगची धाकटी बहीण. तिला सातवा महिना होता, आणि दसरा झाला की ती बाळंतपणाला माहेरी यायची होती. दवाखाना परभणीला. अवेळी निघायचं झालं तर जीपवाल्याचं दार वाजवत बसायला नको, म्हणून गाडी. हे माधवराव सारंगजवळसुद्धा उघड बोलले नव्हते. याआधी दोनदा प्राचीला दिवस गेले होते आणि दोन्ही वेळा गर्भ टिकला नव्हता.

दुसऱ्या वेळी पाचव्या महिन्यात तिच्या आईनं, लीलाबाईंनी, गॅरेजमधला पाळणा बाहेर काढला होता. पुसून, तेल लावून तो पुढच्या खोलीत कड्यांना टांगला होता. दुसऱ्याच आठवड्यात प्राचीच्या नवऱ्याचा, केयूरचा फोन आला. शेजारच्या सगुणाबाई भेटायला आल्या तेव्हा छताकडे बघून त्या एवढंच म्हणाल्या, "रिकामा पाळणा टांगू नाही, बाई." त्यात टोमणा नव्हता. पण माधवरावांनी त्याच संध्याकाळी पाळणा उतरवला, खिळ्या काढून सुटा केला आणि कूलरच्या मागं नेऊन ठेवला. तेव्हापासून पाळणा हा शब्द घरात आला नव्हता. यावेळी तर लीलाबाईंनी एक टोपडं विणलं नव्हतं की दुपट्याला टाका घातला नव्हता. प्राचीचा फोन आला की जेवलीस का, पायावर सूज आहे का, केयूर घरी वेळेवर येतो का, एवढंच विचारायच्या. फोन ठेवला की मग घरभर फिरत राहायच्या. खिडक्या लावायच्या, पुन्हा उघडायच्या.

माधवराव उन्हाळ्यात निवृत्त झाले होते. सगळी नोकरी एसटीच्या आगारात, सुट्या भागांच्या भांडारात गेली. कुठल्या कप्प्यात कुठला बोल्ट आहे हे त्यांना डोळे मिटून सांगता यायचं. निवृत्तीनंतर त्यांना बसवत नव्हतं. त्यांनी आधी स्वयंपाकघरातले डबे लावले. लीलाबाईंना त्यानंतर हळद सापडेना, तेव्हा त्यांनी नवऱ्याला स्वयंपाकघराबाहेर काढलं. मग गच्चीवरची टाकी, मग मीटरची पेटी. गाडीचं ठरलं आणि त्यांच्या हातात गॅरेज आलं. सामान भिंतीवर चढवलं तरच गाडी आत जाणार होती. म्हणजे रॅक.

रॅक कशाचा, यावर त्यांनी बरेच दिवस काढले. भिंतीत कडप्पा बसवून घ्यावा असं लीलाबाईंचं म्हणणं होतं. वालूरला त्यांच्या माहेरी सगळे फळे कडप्प्याचेच आहेत आणि अजून एकाला तडा नाही. माधवरावांना ते पटेना. कडप्पा एकदा बसला की बसला, हलत नाही. प्लायवूडला वाळवी लागते. शेवटी ते मेन रोडच्या हार्डवेअरच्या दुकानात गेले. दुकानदार शिवप्रसाद त्यांना आगारापासून ओळखत होता. त्यानं भोकंभोकं पाडलेले लोखंडी अँगल आणि वर टाकायचे पत्रे दाखवले. नट-बोल्टवर काम. आज या भोकात, उद्या त्या भोकात, कप्पा पाहिजे तिथं सरकवता येतो. माधवरावांनी अँगल वाकवून पाहिला, पत्र्याची कड बोटानं तपासली, मग खिशातून कागद काढून मापं सांगायला सुरुवात केली.

"काका, घरात ठेवायलात का दुकान टाकायलात?" शिवप्रसादनं विचारलं.

माधवराव हसले नाहीत. बोल्टला वायसर डबल पाहिजेत, असं त्यांनी सांगितलं.

अँगल घरी आले त्या दिवशी सकाळपासून ऊन होतं. पाऊस संपून ऑक्टोबरचा चटका सुरू झाला होता. माधवरावांनी गॅरेजमधलं सगळं सामान अंगणात काढून ओळीनं मांडलं. हातात पांढरा खडू. भांडारातली पद्धत त्यांनी तशीच घरी आणली होती. वर्षानुवर्षं न हललेला माल असला की भांडारपाल प्रत्येक विभागाला विचारतो, हा कोणाला पाहिजे आणि कशासाठी. ज्याच्यासाठी कोणी कारण सांगत नाही तो माल बाहेर. राहणाऱ्या वस्तूवर बरोबरची खूण, जाणाऱ्या वस्तूवर गोल.

लीलाबाई ओसरीच्या पायरीवर बसल्या. काम करणारी धुरपदाबाई अंगण झाडता झाडता थांबली आणि झाडणीवर रेलून बघायला लागली.

"हा कंदील?"

"राहू द्या."

"कशासाठी?"

"लाइट जाते."

"घरात इन्व्हर्टर आहे."

"इन्व्हर्टर बंद पडला तर?"

माधवरावांनी बरोबरची खूण केली. पुढं रॉकेलचा स्टोव्ह आला. रॉकेल मिळत नाही, असं ते म्हणाले. लीलाबाईंनी सांगितलं की गणपतीत पुरणाला मोठी आच लागते. स्टोव्ह कधीचा पेटला नव्हता, हे दोघांनाही माहीत होतं. तरी खूण झाली. तडा गेलेली बरणी मिठासाठी. घंगाळं सारंगच्या मुलांच्या मुंजीसाठी, जी मुलं अजून झाली नव्हती. धुरपदाबाई पदर तोंडाला लावून हसत होती. माधवराव कावत होते, पण नियमाप्रमाणे चालले होते. कारण सांगितलं की वस्तू राहत होती.

मग पाळण्याशी आले.

सुटे भाग सुतळीनं बांधलेले होते. कातीव खांब, त्यांच्यावरचा लाल-हिरवा लाखेचा रंग अजून शाबूत. बाजूच्या पट्ट्यांत फिरणाऱ्या छोट्या लाकडी चिमण्या, त्यांतली एक तुटकी. लीलाबाईंच्या वडिलांनी सारंगच्या बारशाला वालूरहून बैलगाडीत घालून आणलेला. सारंग त्यात झोपला, प्राची झोपली, कॉलनीतली आणखी कितीतरी.

"हा?" माधवरावांनी विचारलं.

लीलाबाई काही बोलल्या नाहीत.

"लीला, ठेवायचा का?"

ठेवा म्हटलं की पुढचा प्रश्न ठरलेला होता. कशासाठी. कंदिलाला, स्टोव्हला, फुटक्या बरणीला त्यांनी हवं ते कारण दिलं होतं. पाळण्याला एकच कारण होतं आणि ते तोंडातून काढायची त्यांची तयारी नव्हती, तीही असं उघड्यावर, अंगणात. मागच्या वेळी पाळणा नुसता टांगला होता. त्यांनी लिंबाकडं पाहिलं. हातातलं फडकं पिळलं. तेवढ्यात आत फोन वाजला. प्राचीची वेळ होती. त्या उठून आत गेल्या.

 आतून जेवलीस का, असं ऐकू आलं. माधवरावांनी खाली वाकून खांबावर गोल काढला.

लीलाबाई परत बाहेर आल्या तेव्हा ओळीत कूलर आणि सायकल यांच्यामध्ये रिकामी फरशी होती. भंगारवाल्याला देण्यापेक्षा धुरपदाबाईला दिला, असं माधवरावांनी सांगितलं. तिच्या सुनेला, पिंकीला तीन-चार महिन्यांचं लेकरू आहे, लेकरू साडीच्या झोळीत झोपतंय. धुरपदाबाईनं भीतभीतच विचारलं होतं. मुलगा वैजीनाथ मोटरसायकल घेऊन आला आणि घेऊनही गेला.

"बरं," लीलाबाई म्हणाल्या. आत जाऊन त्यांनी निवडलेले तांदूळ पुन्हा निवडायला घेतले.

पुढचे दिवस गॅरेजमध्ये ड्रिलचा आवाज होता. लाइट गेली की तो थांबायचा आणि माधवराव पान्यानं बोल्ट आवळत बसायचे. मागच्या भिंतीला रॅक उभा राहिला. जड सामान खाली, हलकं वर, रोजचं डोळ्यांच्या उंचीला, जमिनीवर काहीच नाही. कोठ्या बरोबर बसल्या. महालक्ष्म्यांचे मुखवटे घराबाहेर ठेवू देणार नाही, असं लीलाबाईंनी बजावलं होतं, म्हणून त्यांचे फक्त स्टँड वरच्या कप्प्यात गेले. दर कप्प्यावर पट्टी चिकटली. एक वीतभर जागा वाया गेलेली माधवरावांना खपत नव्हती. उरलेल्या फटीत त्यांनी जुनी वर्तमानपत्रं रचली.

लीलाबाई दिवसातून कितीदा तरी तिथं यायच्या. काय पाहिजे विचारलं की काही नाही म्हणायच्या. कप्पे भरत चालले होते आणि पाळण्याला जागा नव्हती. असायचं कारणही नव्हतं. तरी त्या येऊन बघायच्या, आणि परत जाऊन कुकरच्या शिट्या मोजायला विसरायच्या.

धुरपदाबाई रोज सकाळी यायची आणि भांडी घासताना आपण होऊन सांगायची. लेकरू लय झोपायलंय पाळण्यात. आधी रातभर किरकिर करायचं, आता हूं की चूं न्हाई. चिमण्या फिरवल्या की टकामका बघायलंय. लीलाबाई ऐकून घ्यायच्या. बरं वाटायचं आणि बरं वाटत नव्हतं. लेकराला लाभला तर चांगलंच, असं त्या मनाशी म्हणायच्या आणि थोड्या वेळानं पुन्हा म्हणावं लागायचं. मागावा तर कोणत्या तोंडानं? दिलेली वस्तू परत मागायची, तीही तान्ह्या लेकराच्या खालून, आणि वर कारण सांगायचं नाही. कारण सांगावं तर जे एवढे महिने तोंडात धरलं ते गावभर.

दसरा जवळ आला तेव्हा धुरपदाबाईनं नवीन सांगितलं. दिवाळी झाली की टोळी उसाला निघणार. वैजीनाथ, पिंकी, लेकरू आणि लेकराला सांभाळायला ती स्वतः. कारखान्यावर पाचटाची कोपी, तिथं पाळणा मावत न्हाई. वैजीनाथला कोणीतरी गिऱ्हाईक भेटलंय, कोरीव खांब बघून मागायलाय, हॉटेलात लावायला.

"खांब?" लीलाबाईंनी विचारलं.

"हां. खांब घेतो म्हणला, बाकीचं जाळा म्हणला."

दुसऱ्या दिवशी धुरपदाबाई आली नाही. दसऱ्याचं धुणं काढलं असेल, असं माधवराव म्हणाले. लीलाबाईंनी भांडी तशीच टाकली, चप्पल घातली आणि कुठं जातेस विचारायच्या आत फाटक उघडलं.

कालव्याच्या पलीकडं वस्ती आहे. इतकी वर्षं धुरपदाबाई त्यांच्या घरी येत होती, त्या तिच्या घरी कधी गेल्या नव्हत्या. विचारत विचारत पोचल्या तेव्हा घाम पाठीवरून उतरत होता. पत्र्याच्या पडवीत आढ्याला पाळणा टांगला होता. एका कडीच्या जागी साडीची दशी वळून बांधली होती. पिंकी दगडावर गोधडी आपटत होती, वैजीनाथ कोयत्याला धार लावत बसला होता. त्यानं उठून खाट पुढं केली. लीलाबाई बसल्या, तर समोरच पाळणा. आत लेकरू झोपलेलं, मूठ कपाळाला लावलेली. प्राचीही अशीच झोपायची, हाताची मूठ कपाळाला. पाळण्यात लेकरू असलेलं त्यांनी किती वर्षांनी पाहिलं होतं. मागच्या वेळचा त्यांच्या डोळ्यांत होता तो रिकामा होता.

पाणी झालं, चहा झाला. प्राचीताई कवा येणार हायत, हे पिंकीनं विचारलं. दसऱ्यानंतर, असं लीलाबाईंनी सांगितलं. मग उसाचं निघालं. यंदा टोळी लांब जाणार होती, कर्नाटकाच्या हद्दीजवळ. कोपीत आमी माणसंच मावंनात, असं वैजीनाथ हसून म्हणाला, पाळण्यात मलाच झोपावं लागंल.

"वैजीनाथ," लीलाबाई म्हणाल्या, "पाळणा विकू नको."

त्यानं कोयता खाली ठेवला. "कामून, काकू?"

पुन्हा तेच. नवऱ्यानं विचारला होता तोच प्रश्न, फक्त शब्द वेगळा. लीलाबाईंनी पाळण्याकडं पाहिलं. पिंकीचा हात गोधडीवर थांबला. वैजीनाथला वाटलं, काकूला पैसे पाहिजेत, तो म्हणायला लागला की साहेबांनी तर फुकट...

धुरपदाबाई चुलीजवळून उठली.

"कामून काय, कामून? काकूनी न्हाई म्हणलं ना. मंग न्हाई."

ती लीलाबाईंना पोचवायला कालव्यापर्यंत आली.  पुलाशी आल्यावर धुरपदाबाईनं एकदा मागं वळून कोणी नाही ना, ते बघितलं.

"ट्रॅक्टर निघायच्या दिशी आणून घालते," ती म्हणाली. "तवर लेकरू झोपू द्या त्यात. तुमी आता याचं नाव काढू नका आन मी बी काढत न्हाई."

लीलाबाईंनी मान हलवली. परतताना त्यांच्या लक्षात आलं की चपला उलट्या-सुलट्या, एक आपली आणि एक माधवरावांची घालून आल्या होत्या.

घरी माधवराव रॅकवर शेवटचा हात फिरवत होते. सगळं झालं होतं. ओल्या फडक्यानं पत्रे पुसणं चाललं होतं, शटरमधून येणाऱ्या उन्हात अँगल चमकत होते. त्यांनी बायकोच्या पायांकडं पाहिलं.

"मधला कप्पा रिकामा करा," लीलाबाई म्हणाल्या.

"तो? तो भरलाय सगळा. कशासाठी?"

लीलाबाई तिथंच उभ्या राहिल्या. अंगणात काढलेल्या सामानासमोर जशा गप्प होत्या तशाच. फडकं नव्हतं म्हणून पदराचं टोक पिळत होत्या. माधवराव उत्तराची वाट बघत होते. मग त्यांचा चेहरा बदलला. ते हळूच खाली उलट्या बादलीवर बसले.

"मला वाटलं," ते म्हणाले, "तुला तो डोळ्यांसमोर नको."

लीलाबाईंनी पिळलेलं पदराचं टोक सोडलं.

"तू गप्प राहिलीस. मागच्या वेळी मीच उतरवला होता. मला वाटलं, बरं होईल एकदाचा गेला तर."

"गाडी कशाला आणायलात, हे तुम्ही तरी कुणाला सांगितलं का?"

माधवरावांनी रॅकसमोरच्या मोकळ्या फरशीकडं पाहिलं. गाडी अजून आली नव्हती. जागा झाडून ठेवलेली होती. पुण्यात जागा नाही म्हणून, हे त्यांनी सगुणाबाईंना सांगितलं होतं, शिवप्रसादला सांगितलं होतं, सारंगला फोनवर सांगितलं होतं, आणि सारंगनं ते जसंच्या तसं मान्य केलं होतं.  मग ते उठले आणि खिशातून टेप काढली.

"किती उंच?"

सुटा होता तेव्हा गठ्ठा होता. आता जोडलेला होता, आणि माप कोणी घेतलेलं नव्हतं. लीलाबाईंनी एक हात गुडघ्यापाशी आडवा धरला आणि दुसरा कमरेच्या थोडा वर. माधवरावांनी दोन्ही हातांमध्ये टेप धरली. वाचली. पुन्हा वाचली. मग त्यांनी लीलाबाईंचा वरचा हात मनगटाला धरून नीट आडवा केला.

एक कप्पा सरकवायचा म्हणजे त्याच्यावरचे सगळे सरकवायचे. दुपारभर ते चाललं. पट्ट्या निघाल्या, घंगाळं खाली आली, कंदील आणि स्टोव्ह कुठंच बसेनात. लीलाबाईंनी ते दोन्ही स्वतः उचलून फाटकाबाहेर नेऊन ठेवले. माधवरावांनी कारण विचारलं नाही. संध्याकाळी रॅकच्या बरोबर मध्ये एक मोठी रिकामी जागा झाली. तिच्यावर पट्टी लावली नव्हती. माधवराव येता-जाता तिच्याकडं बघत आणि नजर काढून घेत. त्यांनी आयुष्यात कधी रिकामा कप्पा ठेवला नव्हता.

दसऱ्यानंतर सारंग गाडी घेऊन आला. मागच्या सीटवर उशांच्या मध्ये प्राची. तिला हात धरून उतरवलं. सारंगनं गाडी उलटी घेत घेत गॅरेजमध्ये घातली, उतरला आणि रॅक बघून शिट्टी वाजवली. डेपो उचलून आणलाय, असं म्हणाला. मग मधली जागा दिसली.

"बाबा, सगळं गच्च आणि एवढंच रिकामं? माझे जुने टायर टाकतो इथं."

"असू दे," माधवराव म्हणाले.

"काय ठेवायचंय पण?"

"तिथं काही ठेवायचं नाही," लीलाबाई ओसरीवरून म्हणाल्या, जरा जोरात.

प्राची शटरच्या खांबाला धरून उभी होती. तिनं त्या जागेकडं पाहिलं, रुंदी पाहिली, उंची पाहिली, मग आईकडं. आणि पाणी प्यायला आत गेली.

दिवाळी गेली, सारंग बसनं पुण्याला परतला. प्राचीला बसवत नव्हतं, झोपवत नव्हतं, ती अंगणात फेऱ्या मारायची. माधवराव रोज सकाळी शटर वर करून गाडी चालू करायचे, थोडा वेळ तशीच ठेवायचे आणि बंद करायचे. डिझेल दर दोन दिवसांनी बघायचे. लीलाबाईंचं लक्ष रस्त्यावर असायचं. स्टँडच्या बाजूनं ट्रॅक्टर गेला की त्या फाटकाशी जायच्या. एकेक टोळी गावातून निघत होती. ट्रॉलीत चिपाडं, भांडी, कोंबड्या, वर माणसं. धुरपदाबाईनं भाऊबीजेनंतर कामाला येणं बंद केलं होतं. तिनं काही सांगितलं नव्हतं आणि लीलाबाईंनी विचारलं नव्हतं. वैजीनाथनं गिऱ्हाइकाला शब्द दिला असला तर, हे त्यांच्या डोक्यात रोज एकदा तरी येऊन जायचं.

एका दुपारी ट्रॅक्टर घरासमोरच थांबला. ट्रॉलीत पिंकी लेकराला मांडीवर घेऊन बसली होती. वैजीनाथनं वरून पाळणा खाली दिला, धुरपदाबाईनं तो डोक्यावर घेतला आणि सरळ गॅरेजमध्ये आली. तुटक्या चिमणीच्या जागी कोणीतरी नवी बसवली होती, बेढब, पण फिरणारी.

पाळणा रिकामा नव्हता. आत पिंकीच्या लेकराचं झबलं अंथरलं होतं आणि त्यावर दुपट्यात गुंडाळलेला वरवंटा निजवला होता. बारशाला लेकराच्या आधी पाळण्यात घालतात, तसा.

"पाटा संगं नेला," धुरपदाबाई म्हणाली, "ह्यो इथं राहू द्या. आमी परत येऊ तवा घेईन."

पाटा नेला आणि वरवंटा ठेवला, हे माधवरावांनी ऐकलं. वाटायचं कशानं, असं कोणत्याही भांडारपालानं विचारलं असतं. जड वस्तू मधल्या कप्प्यात, हेही त्यांच्या नियमात बसत नव्हतं. त्यांनी पाळण्याची एक बाजू धरली, वैजीनाथनं दुसरी, आणि तो वरवंट्यासकट मधल्या कप्प्यात सरकवला. दोन बोटांची जागा राहिली. हलू नये म्हणून माधवरावांनी दोन्ही खांब सुतळीनं अँगलला बांधले. एका खांबावर अजून पांढरा गोल होता. त्यांनी तो अंगठ्यानं पुसला, पुरता गेला नाही, मग धोतराच्या सोग्यानं पुसला.

लीलाबाईंनी धुरपदाबाईची ओटी भरली. ट्रॅक्टरवाला हॉर्न देत होता.

त्यानंतरच्या आठवड्यात एका सकाळी, चहा अजून कपात होता, प्राची भिंतीला धरून ओसरीवर आली.

"बाबा, गाडी काढता का?"

माधवरावांनी किल्ली खिशातच ठेवलेली होती. शटर वर गेलं. गाडी पहिल्या किल्लीत सुरू झाली. लीलाबाईंनी पिशवी घेतली, प्राचीला मागच्या सीटवर बसवलं, पाठीला उशा दिल्या. मग त्या एकदाच गॅरेजमध्ये गेल्या. वरवंटा होता तसा होता. दुपट्याचं टोक सरकलं होतं, ते त्यांनी नीट केलं.

गाडी परभणीकडं जाणाऱ्या मानवतच्या रस्त्याला लागली तेव्हा माधवरावांना आठवलं की शटर ओढायचं राहिलं. कॉलनीतल्या कोणालाही येता-जाता आतला पाळणा दिसणार होता.

"परत फिरू का?" त्यांनी विचारलं.

"नको," लीलाबाई म्हणाल्या. "राहू द्या उघडं."